हद्दीबाहेरची जमीन : हिंगोली जिल्ह्यातील नागरी-ग्रामीण भूमी उपयोजनाच्या नियोजनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : भूमी उपयोजन, नागरी-ग्रामीण झालर क्षेत्र, प्रादेशिक नियोजन, जिल्हा नियोजन समिती, शाश्वत विकास.

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ हे पाच तालुके आणि सुमारे सातशे गावे असा त्याचा विस्तार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून त्यातील नागरी लोकसंख्येचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच वेळी राज्याचे हे प्रमाण ४५ टक्क्यांहून अधिक होते. या आकडेवारीवरून सर्वसाधारणपणे असा निष्कर्ष काढला जातो की, हिंगोलीसारख्या जिल्ह्यात नागरीकरणाचा प्रश्नच नाही. शहर आणि भोवतालचा ग्रामीण भाग यांच्यातील जमिनीच्या वापराचा प्रश्न हा पुणे, नाशिक किंवा फार तर छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकांनी हाताळावा.

प्रस्तुत लेखात या निष्कर्षाची चिकित्सा केली आहे. नागरी प्रमाण कमी असलेल्या जिल्ह्यात शहराच्या कडेचे बदल संथ असतात, म्हणून ते नियोजनाच्या नजरेत भरत नाहीत. मात्र छोटी शहरे नदीकाठच्या अथवा कालव्याखालच्या जमिनीत वसलेली असल्यामुळे त्यांची संथ वाढही नेमकी चांगल्या जमिनीवरच होते. ही जमीन वाचवायची की वापरायची, हा निर्णय आज कोणीच घेत नाही. तो आपोआप होतो, आणि हीच या लेखातील मुख्य तक्रार आहे. (चर्चासत्रांतून 'शाश्वत' हे विशेषण ज्या सढळ हाताने वापरले जाते, त्या सढळपणे एखाद्या तालुक्याचा मृदानकाशा समोर ठेवला गेल्याचे क्वचितच दिसते.)

'झालर' या संकल्पनेची मर्यादा

भूगोलाच्या पदवी वर्गात नागरी-ग्रामीण भूमी उपयोजन शिकविताना आरंभ बहुधा व्हॉन थ्यूनेनपासून होतो. १८२६ साली मांडलेल्या त्याच्या सिद्धांतात एक एकाकी राज्य, मध्यभागी एकच शहर आणि भोवती सर्वत्र सारख्याच सुपीकतेचे मैदान गृहीत धरले आहे. वाहतूक खर्चानुसार शहराभोवती वलये तयार होतात. जवळच्या वलयात दूध व भाजीपाला, पुढे जळाऊ लाकूड, मग धान्य आणि सर्वांत दूर पशुपालन. नंतरच्या काळात नागरी भूगोलात रूढ झालेले झालर क्षेत्राचे चित्र याच वलयांच्या सवयीतून आलेले आहे. मराठवाड्यात 'झालर' हा शब्द शासकीय दप्तरात रुळला तो औरंगाबाद शहराभोवतीच्या २८ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले तेव्हा. शब्द मोठा बोलका आहे. झालर कापडाच्या कडेला असते. कापड नसेल तर झालरीला स्वतंत्र अस्तित्व नाही. शहर हे वस्त्र आणि सभोवतीची शेती ही त्याची किनार, असे मूल्यमापन या शब्दातच दडलेले आहे.

थ्यूनेनने मातीतील व पाण्यातील फरक सिद्धांताच्या सोयीसाठी बाजूला ठेवला होता आणि तसे त्याने स्पष्ट सांगितले होते. पाठ्यपुस्तकांतून वलये राहिली. गृहीतक मात्र विसरले गेले. हिंगोली जिल्ह्यात तर माती आणि पाणी हेच दोन घटक निर्णायक आहेत. कयाधू व पूर्णा यांच्या दरम्यान हिंगोलीचे डोंगर पसरलेले आहेत. डोंगरउतारावर मुरमाड, हलकी जमीन आहे आणि नदीखोऱ्यांत खोल काळी. हिंगोली शहर कयाधूच्या काठी आहे, वसमत पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आहे. शहराजवळची जमीन सर्वांत जास्त कसली जाईल, असे थ्यूनेनचे भाकीत आहे. प्रत्यक्षात शहराला चिकटलेले शेत पुष्कळदा पडीक दिसते, कारण मालकाचे लक्ष पिकाच्या भावापेक्षा प्लॉटच्या भावाकडे लागलेले असते. चारी कोपऱ्यांत सिमेंटचे खांब रोवलेले काळे रान कोणत्याही वलयात बसत नाही.

याच पाठ्यपुस्तकांत पॅट्रिक गेडिस यांचेही नाव असते. ते १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. 'आधी सर्वेक्षण, मग आराखडा' हे त्यांचे सूत्र परीक्षेच्या उत्तरात हमखास येते. परंतु गेडिस यांच्या विचारातील अधिक मोलाची गोष्ट म्हणजे नदीखोऱ्याचा छेद. डोंगरमाथ्यापासून नदीच्या मुखापर्यंत माती, पाणी, व्यवसाय आणि वस्ती यांची जी साखळी असते, ती त्यांनी नियोजनाचे एकक मानली. या दृष्टीने पाहिले तर हिंगोली शहर हे केंद्र उरत नाही. सेनगावच्या बाजूने येऊन कळमनुरी तालुक्यातून पैनगंगेकडे जाणाऱ्या कयाधूच्या खोऱ्यातील ती एक वस्ती ठरते. शहराला पिण्याचे पाणी मिळते ते औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर धरणातून, म्हणजे दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यातून. आणि शहराचा उतार आहे कयाधूकडे. वरचे खोरे पाणी देते व खालचे खोरे सांडपाणी सोसते, आणि या दोन्ही गोष्टी नगरपरिषदेच्या विकास योजनेच्या नकाशावर मावत नाहीत.

रिसाला ते बळसोंड

हिंगोली शहराची कड आजवर कोणी कोणी आखली, हे पाहणे उद्बोधक आहे. निजामाच्या राज्यात येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज भारतीय लष्करात विलीन झाली, पण पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे टिकून राहिली. छावणीच्या नियोजनात मोकळे मैदान, बाजार, शिपायांच्या राहण्याच्या रांगा यांचे अंतर ठरलेले असे. हेतू लष्करी होता, परंतु शहर कोठे संपते हे त्यात निश्चित होते. आज औद्योगिक वसाहत ज्या लिंबाळा मक्ता गावात आहे, त्या गावाच्या नावात 'मक्ता' आहे. ठरावीक रकमेवर गाव लावून देण्याच्या हैदराबाद राज्यातील पद्धतीची ती खूण. म्हणजे शहराच्या एका बाजूला फौजेची भाषा आहे, तर दुसऱ्या बाजूला महसुलाची.

आजच्या कडेला मात्र कोणाचीच भाषा नाही. शहराला लागून असलेले बळसोंड हे त्याचे उदाहरण होय. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला हिंगोली कोठे संपली व बळसोंड कोठे सुरू झाले हे सांगता येणार नाही, पण कायद्याने तेथे ग्रामपंचायत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगरपरिषद विकास योजना तयार करते ती आपल्या हद्दीपुरती. हद्दीच्या पलीकडे प्रादेशिक योजनेचा अधिकार सुरू होतो. तिचा आवाका संपूर्ण प्रदेशाचा असतो, त्यामुळे एका गावातील पंधरा-वीस सर्व्हे क्रमांकांचे काय करायचे, हे ती क्वचितच सांगते. तो तपशील अखेर परवानगीच्या टेबलावर ठरतो, आणि परवानगी ही एका वेळी एकाच अर्जदाराची असते.

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी घडते, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. तुकडेबंदी कायद्यान्वये २०२३ मध्ये निश्चित केलेले प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे व जिरायतीसाठी २० गुंठे आहे. शहरालगत घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबाला मात्र एक किंवा दीड गुंठाच हवा असतो, कारण तेवढीच ऐपत असते. सरळ खरेदीखत होत नाही म्हणून मुद्रांक कागदावर करार होतो, किंवा अनेक खरेदीदार मिळून प्रमाणभूत क्षेत्र घेतात आणि सातबाऱ्यावर त्यांची नावे सामाईकात लागतात. पुढे घर उभे राहते. ग्रामपंचायत नमुना नंबर ८ ला त्याची नोंद घेते आणि घरपट्टी आकारते. घरपट्टीच्या पावतीवर विजेचे मीटर येते. दोन-चार वर्षांनी तेथे वस्ती होते. सातबाऱ्यावर मात्र पीकपाण्याच्या रकान्यात अजून सोयाबीन असते.

या वस्तीत राहणारे कोण? मुलांच्या शिक्षणासाठी सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील गाव सोडून आलेले शेतकरी, निमशासकीय कर्मचारी, गवंडी, दुकानात काम करणारे. त्यांना लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. ज्या उत्पन्नगटाला शहराच्या हद्दीत परवडेल असा भूखंड कोणत्याही योजनेने दिला नाही, तो गट हद्दीबाहेर जातो एवढेच. त्याची किंमत तो वेगळ्या रीतीने मोजतो. प्रत्येक शेतमालक आपापल्या रानाची आखणी स्वतंत्रपणे करतो, त्यामुळे एका आखणीतील अंतर्गत रस्ता दुसऱ्याच्या बांधाला जाऊन थांबतो. पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढा दोन सर्व्हे क्रमांकांच्या मध्ये असतो, म्हणून कोणाच्याच आखणीत नसतो. जिल्ह्यात २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले आणि ते शेजारच्या नांदेड व परभणीपर्यंत जाणवले. तेव्हा या घरांच्या बांधकामाची तपासणी कोणत्या यंत्रणेने करावयाची, हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही.

शासनाची भूमिका येथे विशेष चिकित्सेस पात्र आहे. एकीकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. दुसरीकडे २००१ मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा झाला व १ जानेवारी २००१ पर्यंतच्या आखण्यांना मुभा मिळाली. २०२१ च्या सुधारणेने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. २०२५ मध्ये नागरी क्षेत्रातील व त्यालगतच्या तुकड्यांच्या व्यवहारांना आणखी सूट देण्यात आली. मनाई आणि माफी यांचे हे आवर्तन आहे. माफीने घरे वाचतात, हे खरेच आहे आणि ती वाचलीच पाहिजेत. परंतु या दोहोंच्या मधल्या वीस वर्षांत रस्ता, ओढा, शाळा, स्मशानभूमी यांसाठी जी जागा राखून ठेवायला हवी होती, ती माफीने परत मिळत नाही.

महसूल संहितेतील कलम ४२-ड हेही असेच. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन, आवश्यक कर व अटींच्या अधीन राहून, निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचे या कलमाने मानले जाते. सामान्य शेतकऱ्याचे कार्यालयातील हेलपाटे वाचावेत हा हेतू रास्त आहे. परंतु डोंगरावरच्या मुरमाड गावालाही दोनशे मीटर आणि कयाधूकाठच्या गावालाही दोनशेच मीटर. थ्यूनेनचे वर्तुळ, त्यातील गृहीतकासह, अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात परत आले.

नागरी कोणाला म्हणायचे?

एखादे गाव नागरी झाले असे जनगणना कधी मानते? लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात. यातील तिसरी अट वाचताना 'पुरुषांपैकी' हा शब्द बहुधा नजरेआड होतो. स्त्रियांचे काम या मोजणीत धरलेलेच नाही. हिंगोलीच्या कडेच्या गावांत घरातील पुरुष शहरात दुकानावर, बांधकामावर किंवा वाहनावर जातो आणि त्याच घरातील स्त्री सोयाबीनच्या खुरपणीला अथवा हळदीच्या काढणीला जाते. या व्याख्येनुसार असे गाव नागरी ठरू शकते, तर जमिनीच्या दृष्टीने ते अजून शेतीवरच उभे असते. उलटपक्षी, पाच हजारांच्या आत असलेली पण पूर्णपणे शहरावर जगणारी वाडी ग्रामीणच राहते. नागरीकरणाची पंधरा टक्के ही संख्या याच चाळणीतून आलेली आहे, हे ती उद्धृत करणाऱ्या शोधनिबंधांत सहसा नमूद केलेले नसते.

शिवाय ही संख्या २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला. दरम्यानच्या काळात औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायती आल्या आणि अकोला-वाशीम-हिंगोली-वारंगा फाटा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ चौपदरी झाला.

वसमत : कालवा आणि हळद

वसमतची गोष्ट निराळी आहे. सुमारे ६९ हजार लोकसंख्येचे (२०११) हे शहर जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा नांदेडला जवळ आहे आणि त्याचा ओढाही तिकडेच अधिक. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या पूर्णा प्रकल्पाने या परिसराला कालव्याचे पाणी दिले. त्यावर ऊस आला, सहकारी साखर कारखाना आला आणि पुढे हळदीने या भागाला ओळख दिली. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०२२ मध्ये राज्य शासनाने वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रास मंजुरी दिली होती.

भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट गुणधर्म विशिष्ट भूमीमुळे येतो, याची कायदेशीर कबुली. भूमीचा असा गौरव करणारे शासन आणि त्याच भूमीच्या बिगरशेती वापराचे अर्ज निकाली काढणारे शासन एकच आहे. पण ही दोन दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. मानांकनाच्या क्षेत्रातील बागायत जमीन बिगरशेती करताना निराळा विचार व्हावा, अशी तरतूद मानांकनाच्या कायद्यात नाही आणि नगररचनेच्या कायद्यातही नाही.

हळदीचा आणखी एक पैलू भूमी उपयोजनाच्या चर्चेत येत नाही. हळद जमिनीतून काढली की काम संपत नाही. ती शिजवावी लागते, मग दहा-पंधरा दिवस उघड्यावर उन्हात वाळवावी लागते, त्यानंतर पॉलिश होऊन बाजारात जाते. या वाळवणीला सपाट, स्वच्छ आणि रस्त्याजवळची मोकळी जागा लागते. महसुली दप्तरात या जागेला नाव नाही. ती शेत नाही, कारण तेथे पीक नाही. उद्योग नाही, कारण तेथे शेड नाही. वर्षातून दोन-तीन महिने वापरात असणारी ही जागा आखणी करणाऱ्याला रिकामीच वाटते. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० मध्ये शेती विभागात अनुज्ञेय वापरांची लांबलचक यादी आहे. जी नियमावली शेतीच्या पट्ट्यात पेट्रोल पंपाचा आणि गोदामाचा विचार करते, तिच्या आधारे वाळवणीची मैदाने राखली जातील अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

कालव्याचा प्रश्न याहून गंभीर. लाभक्षेत्रातील एखाद्या शेताची प्लॉटिंग झाली की त्यातून जाणारी चारी बुजते किंवा गटार बनते. नुकसान त्या शेतमालकाचे होत नाही, त्याला भाव मिळालेला असतो. नुकसान होते चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचे. त्याने काही विकलेले नसते आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या सिंचनक्षमतेची ही घट कोणत्याही परवानगीच्या आदेशात नोंदविली जात नाही.

औंढ्याची प्रयोगशाळा

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या आख्यायिकेमुळे वारकरी मनातही त्याला स्थान आहे. याच तालुक्यातील दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल टिपण्याची क्षमता, असे तिचे स्वरूप आहे.

इतक्या सूक्ष्म मापनाला जमिनीची शांतता लागते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळा पाइनच्या जंगलात आहे. सभोवतीच्या वृक्षतोडीच्या व मालगाड्यांच्या कंपनांनी तेथील दिवसाचे काम अडत असे आणि त्यासाठी २००४ च्या सुमारास कंपनरोधक यंत्रणा नव्याने बसवावी लागली. म्हणजे वेधशाळेच्या कुंपणाबाहेर कोण दगड फोडतो, कोणता रस्ता रुंद होतो, हा विज्ञानाचाही प्रश्न होतो. औंढ्याच्या बाबतीत तो सोपा नाही. तीर्थक्षेत्रामुळे भक्तनिवास, मंगल कार्यालये, वाहनतळ यांची मागणी वाढती आहे. डोंगराळ भाग असल्याने दगडखाणींचे आकर्षण आहे. पवनार ते पत्रादेवी हा प्रस्तावित ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग ज्या बारा जिल्ह्यांतून काढण्याचे जाहीर झाले, त्यांत हिंगोली आहे, आणि त्याला मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी केलेला विरोध सर्वश्रुत आहे. नगरपंचायतीची विकास योजना, वेधशाळा, देवस्थान आणि महामार्ग हे चार निर्णय चार ठिकाणी होतात.

येथे एक तुलना अपरिहार्य ठरते. वेधशाळेसाठी सभोवतीच्या जमिनीच्या वापरावर मर्यादा घालणे योग्य आहे, हे कोणीही मान्य करील. मग खोल काळ्या मातीसाठी तशीच मर्यादा मागितली की ती विकासविरोधी का वाटते? जमिनीखालचे कंपन मोजता येते, म्हणून त्याला शासकीय दप्तरात स्थान मिळते. मातीचा कस मोजता येत असूनही नगररचनेच्या दप्तरात त्याला रकाना नाही.

अनुशेषाची भाषा आणि नियोजन समिती

मराठवाड्यातील नियोजनाची चर्चा गेली चार दशके अनुशेष या एका संकल्पनेभोवती फिरत आली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष मोजला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान केळकर समितीचा अहवालही येऊन गेला. प्रादेशिक अन्यायाला आकड्यांची भाषा मिळाली, हे या परंपरेचे मोठे कार्य होय. हिंगोलीसारख्या जिल्ह्याला ती भाषा आजही हवी आहे. पण अनुशेष 'किती' एवढेच सांगतो. किती किलोमीटर रस्ता, किती हेक्टर सिंचन, किती खाटांचे रुग्णालय. ते 'कोठे' व्हावे, कोणती जमीन घेऊन व्हावे आणि कोणती सोडून व्हावे, याबद्दल तो मौन बाळगतो. मागास भागाला जे मिळेल ते मिळेल तेथे स्वीकारावे, ही वृत्ती या मौनातून आली असावी.

राज्यघटनेने मात्र 'कोठे' विचारण्याची जागा करून ठेवली आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-यघ समाविष्ट झाला. जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका यांच्या योजनांचे एकत्रीकरण करावे आणि त्या वेळी दोहोंच्या समान हिताच्या बाबी, विशेषतः स्थलविषयक नियोजन व पाण्यासह नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, लक्षात घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांतून यावयाचे असतात. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अधिनियमही केला. बळसोंडचा सरपंच आणि हिंगोलीचा नगराध्यक्ष यांचा प्रश्न एकाच टेबलावर यावा अशी ही एकमेव घटनात्मक जागा आहे. व्यवहारात समितीची बैठक जिल्हा वार्षिक योजनेच्या निधीवाटपाची बैठक झाली आहे. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी घटक कार्यक्रम यांखालील खर्चाचा आढावा होतो आणि बैठक संपते. भूमी उपयोजनाचा नकाशा तेथे मांडण्याची प्रथाच पडलेली नाही. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ११-अ हे लक्ष्य नागरी, उपनगरी व ग्रामीण क्षेत्रांतील दुवे प्रादेशिक नियोजनाने बळकट करण्यास सांगते. ते साधण्यासाठी नवीन अभियान काढण्याची गरज नव्हती. असलेली समिती पुरेशी होती.

तथापि या मागणीवर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे योग्य नाही. शहरालगतची बागायत जमीन हरित पट्ट्यात टाकली तर तिची किंमत पडते. नुकसान सोसतो तो दोन-तीन एकरांचा शेतकरी. लाभ मात्र साऱ्या शहराला होतो. मुलीचे लग्न, दवाखाना, कर्जफेड यांसाठी शेवटचा आधार असलेली जमीन 'माती वाचवा' या घोषणेखाली गोठविणे हा दुसरा अन्यायच होईल. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसविले, त्याचा दाखला चर्चेत नेहमी दिला जातो. परंतु तेथे महानगराची मागणी होती आणि जमीन एका जातकुळीतील, एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांची होती. हिंगोलीच्या कडेला ना तेवढी मागणी आहे, ना जमिनीच्या मालकीची तशी सरळ मांडणी. निजामी काळातील इनामे, कुळांचे हक्क, भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनी यांमुळे एका सर्व्हे क्रमांकातही एकवाक्यता दुर्मीळ असते.

त्यामानाने १९६६ च्या अधिनियमातच असलेली नगररचना योजनेची तरतूद हिंगोलीसाठी अधिक विचारार्ह ठरते. लगतच्या काही मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, ओढ्याची जागा व सार्वजनिक वापराची जागा प्रथम काढायची आणि उरलेले भूखंड मूळ मालकांना हिश्श्याप्रमाणे परत द्यायचे, अशी ती रीत आहे. मुरमाड बाजूच्या पंधरा-वीस सर्व्हे क्रमांकांवर अशी एखादी योजना झाली, तर दीड गुंठ्याच्या ग्राहकाला कायदेशीर भूखंड मिळेल आणि काळ्या रानावरील दबाव तेवढ्यापुरता कमी होईल. काळ्या रानाच्या मालकाला काय द्यायचे, हा प्रश्न तरीही उरतोच. मुरमाड बाजूच्या वाढीव किमतीतील काही वाटा त्याच्यापर्यंत पोहोचविणारी तरतूद करावी लागेल, आणि तिच्यासाठी नगरपरिषद व ग्रामपंचायत यांना आपल्या हद्दी ओलांडून हिशेब करावा लागेल.

वसमत तालुक्यातील रिढोरा या गावचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या एका संग्रहाचे नाव 'दूर राहिला गाव' असे आहे. मराठवाड्यातील ग्रामीण साहित्याने गाव आणि शहर यांच्यातील हे अंतर दीर्घकाळ जोपासले. बळसोंडसारख्या ठिकाणी गाव दूर राहिलेला नाही, तो जागच्या जागी आहे आणि शहरच त्याच्या अंगणात येऊन बसले आहे. या अनुभवाची नोंद साहित्यात तुरळक आहे आणि सामाजिक शास्त्रांत त्याहून तुरळक. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, अर्थशास्त्र, लोकप्रशासन व मराठी या विभागांना एकत्र काम करण्यास येथे वाव आहे, आणि त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. शहरालगतच्या एखाद्या गावाचे सातबारे, त्याच गावाचे नमुना नंबर ८ चे रजिस्टर आणि पाटबंधारे खात्याचा चाऱ्यांचा नकाशा एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तरी कोणत्या वर्षी कोणत्या रानात घरे आली आणि कोणती चारी बंद झाली, हे गट क्रमांकानिशी सांगता येईल. पहिले दप्तर तलाठ्याकडे असते, दुसरे ग्रामसेवकाकडे आणि तिसरे पाटबंधारे उपविभागाकडे.